बेंबीभोवतीचे चार ठिपके

पोलादपूरच्या बौद्धवाडीत वीस-पंचवीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल राहीबाईच्या पायांवर न्हालेलं. काम सोपं वाटतं. बसून बघा. पाटावर बसायचं, पाय सरळ लांब करायचे, दोन पायांमधल्या खोबणीत मूल ठेवायचं आणि शेवटचा तांब्या ओतून होईस्तोवर गुडघा हलू द्यायचा नाही. कंबर धरते, मांडी भरून येते आणि बाई नकळत गुडघा वर घेते. गुडघा वर आला की मुलाचं डोकं खाली जातं आणि पाणी नाकात शिरतं. राहीबाईचा गुडघा कधी वर आला नाही. पाणी ती कोपराने बघायची. हाताने बघणाऱ्या बाईला ती पाटावरून उठवायची. "निखारा उचलणारा हात तो. त्याला काय कळणार ऊन नि कढत?"

तिचा नवरा जानू रस्त्यावर मैलकुली होता. पावसाळ्यात आंबेनळी घाटात आलेली दरड बाजूला करायची, बाकीचे दिवस खड्डे भरायचे. तोही तसाच. खड्ड्यात नुसती खडी टाकून निघून जाणाऱ्यांवर त्याचा राग. खडी, मुरूम, पाणी, मग ठोकायचा जड धुमस, आणि धुमस पूर्ण उचलून मारायचा. दोघांचं एकमेकांशी बोलणं फार नव्हतं. कामाबद्दल मात्र दोघांचं एकच मत होतं.

त्यांना चार मुलं झाली आणि एक जगलं. ते एक म्हणजे नीला. नीलाही जायला आली होती. पाच महिन्यांची असताना तिला डबा झाला, पोट उडायला लागलं, श्वास घेता येईना. तेव्हा राहीबाईच्या सासूने बिब्बा सुईवर टोचून दिव्यावर धरला आणि त्याच्या तेलाचे चार ठिपके पोरीच्या बेंबीभोवती दिले. पोरगी वाचली. बिब्ब्याने वाचली की तिची वेळच आली नव्हती म्हणून वाचली, हे कोण सांगणार? पण आधीच्या तिघांना ठिपके दिले नव्हते आणि ते गेले, एवढं राहीबाईला ठाऊक होतं. पुढे धर्म बदलला तेव्हा वाडीने देव्हारे उचलून सावित्री नदीत सोडले. राहीबाईने आपल्या हाताने सोडले. अंगारा गेला, उतारा गेला, दृष्ट काढणं गेलं. बिब्बा राहिला. तो देवाचा नव्हता. तो औषधाचा होता, हिंग-ओव्यासारखा.

नीला शिकली. महाडला वसतिगृहात राहिली, मुंबईत नर्स झाली. वरंधच्या सोमाशी लग्न झालं. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. शहात्तर साली दोघं इंग्लंडला गेली. शाळेत असताना सुट्टीत घरी आली की नीला आईला चुलीपुढे बसवून राखेत अक्षरं काढायला लावायची. राहीबाई रा-ही-बा-ई असं आपलं नाव लिहायला शिकली ती तिच्याकडून. रेशनच्या दुकानात अंगठा न देता सही करणारी वाडीतली तिच्या वयाची ती पहिली बाई.

ब्याऐंशी सालच्या थंडीत नीला पहिल्यांदा परत आली. कडेवर पाच महिन्यांचा मुलगा. नाव सुगत.

बरोबर दोन बॅगा भरून सामान होतं आणि सगळं मुलाचंच. दुधाचे डबे, बाटल्या, बाटल्या उकळायचं भांडं, घडी होणारा जाळीचा पलंग, पाण्यात सोडायचं तापमापक. राहीबाईने ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्याचं काय गो?"

"पाणी किती गरम हाय ते कळतं."

"माझं कोपर काय मोडलंय?"

जानू पडवीत बसून हसला. "असू दे गो. घाटात पण साहेब येतो नि टेप लावून खड्डा मोजतो. खड्डा तेवढाच राहतो."

पहिल्याच दिवशी खटका उडाला. सुगतला जाळीच्या पलंगात एकटा ठेवला. तो रडायला लागला. राहीबाई उठली तशी नीला आडवी आली.

"आये, बस. थोडं रडू द्यायचं. मग आपोआप झोपतो."

"आणि नाय झोपला तर?"

"झोपतो. नाहीतर सवय लागते उचलायची."

"मग लागू दे की. मूल हाय, बोचकं नाय."

"तिथं असं नाय करत आये. तिथं बाई येते घरी, सगळं बघून सांगून जाते."

"कुठली बाई?"

"सरकारची. मूल कसं वाढतंय ते बघायला. वजन करते, अंग बघते, लिहून घेते."

राहीबाईला ते खरं वाटेना. मूल जगवायला सरकारची बाई घरी येते! तिच्या तीन मुलांच्या वेळी कोणी आलं नव्हतं. हे चांगलंच, असं तिला वाटलं. एक मात्र तिला कळलं नाही: ती बाई न्हाऊ घालते का? नीला म्हणाली, नाही, हात लावत नाही, नुसतं बघते. मग ती कसली बाई, असं राहीबाई मनात म्हणाली.

सुगत रडत राहिला. नीला दाराशी उभी राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती आणि तिचेच डोळे भरले होते. शेवटी राहीबाईने पोर उचललं. नीला बाजूला सरली.

हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. आधी तापमापक बॅगेत गेलं. मग जाळीच्या पलंगात चादरी ठेवल्या गेल्या आणि पोर आजीच्या कुशीत झोपायला लागलं. शेजारची मंजुळा येऊन बघायची आणि नीलाला टोमणा मारायची. "काय गो विलायतवाली, आता तुझ्या त्या मडमेला काय सांगशील? पोरगा चुलीपुढं लोळतो म्हणून?" नीला हसायची. राहीबाईने सुगतला पायांवर घेतलं तेव्हा ती समोर बसून बघत राहिली. तेल आधी पायाला, मग पोटाला, मग छाती-पाठीला, टाळू शेवटी. प्रत्येक सांधा फिरवून. न्हाऊन झालं की पोर मेल्यासारखं झोपायचं. "मला असं झोपवता येत नाय तिथं," नीला एकदा म्हणाली. "तिथं माझ्या हाताखाली वॉर्ड असतो अख्खा, आणि घरी एक पोर आवरत नाय. कोणाला विचारू? शेजारीण दार उघडत नाय." मग तीच म्हणाली, "तुला न्यायला पायजे होतं."

"नेशील तेव्हा येईन," राहीबाई म्हणाली.

नीलाची रजा मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. वीस तारखेला महाडला चवदार तळ्यावर लोक जमतात, तोवर थांब, असं जानूने सांगून बघितलं. राहीबाईचा बाप सत्तावीस साली तिथं पाणी प्यायला उतरलेल्यांत होता, आणि नातवाला ते पाणी दाखवावं असं तिच्याही मनात होतं. पण रजा वाढणारी नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारपासून सुगतच्या पोटात दुखायला लागलं. पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. नीलाने विलायती औषध पाजलं. राहीबाईने ओव्याचा शेक दिला, बेंबीभोवती हिंग लावला. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा सुरू. दिवेलागणीला त्याचा आवाज बसला. नीला पोराला घेऊन खोलीत फेऱ्या मारत होती. मग थांबली.

"आये, तुझं ते कर."

"काय?"

"बिब्बा. मला केला होता ना आजीने, तसा."

राहीबाईने लगेच हात घातला नाही. "तुमच्यात चालतं का हे? तू नर्स हायस."

"कर गो. उद्या गाडीत, विमानात असाच रडला तर मी काय करू?"

जानू दारात बसला होता, फावड्याला नवा दांडा बसवत. त्याने मान वर केली. "ती सरकारची बाई बघते म्हणालीस ना अंग?"

"बाबा, तोवर निवतं ते. माझं नाय निवलं?"

राहीबाईने बिब्बा काढला. सुई टोचली, दिव्यावर धरला, तेल सुटेस्तोवर वाट बघितली. आधी खोबरेल तेलाचं बोट बेंबीभोवती फिरवलं, म्हणजे बिब्बा पसरत नाही. मग सुईच्या टोकावर येईल तेवढंच तेल घेऊन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार ठिपके दिले. नीलाने पोराचे हात धरले होते. ठिपके एकसारखे आले, एकाच मापाचे, बेंबीपासून एकाच अंतरावर. हयगय केली की एक मोठा होतो आणि तोच उतून फोड येतो. राहीबाईने हयगय केली नाही.

पोर थोड्या वेळाने झोपलं.

"उद्या पोट उघडं ठेव," राहीबाईने सांगितलं. "वारा लागू दे. कपडा घासला तर उतंल."

"होय आये."

सकाळी थंडी होती. नीलाने पोराला प्रवासाचे कपडे घातले. आत ती प्लास्टिकची घट्ट चड्डी, लघवी बाहेर येऊ नये म्हणून, अगदी बेंबीच्या वरपर्यंत. गाडीत चढताना राहीबाईला सदऱ्याखाली तो प्लास्टिकचा काठ दिसला. ती काही बोलणार एवढ्यात कंडक्टरने घंटी ओढली आणि मुंबईची एस.टी. सुटली.

वीस मार्चला सकाळी दोघं महाडला निघायच्या तयारीत होती. पांढरं लुगडं नेसून राहीबाई कुलूप शोधत होती आणि सोमाचा थोरला भाऊ भागोजी दारात आला. तो मुंबईत एका कंपनीत शिपाई होता. दर वर्षी तळ्यावर यायचा. पण तो महाडलाच उतरायचा. पोलादपूरपर्यंत कधी येत नव्हता.

"मावशी, बसा जरा. काका, तुम्ही पण."

"पोराला काय झालं?" राहीबाईने विचारलं.

"पोरगा जित्ता हाय. बरा हाय. पण मॅटर सीरियस हाय." त्याने पाणी मागितलं, तांब्याभर प्यायला. "सोमाचा फोन आला होता आमच्या ऑफिसात. पोराला नेला."

"कोणी नेला?"

"तिथल्या सरकारने. पोचले तोवर पोटावर हे मोठे फोड. ती बाई आली वजन करायला, कपडे काढले, बघितलं, तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बोलला, हे सिगारेटचे चटके हायत. कोणीतरी मोजून दिलेत, चार बाजूंना चार."

राहीबाईला ते नीट कळायला वेळ लागला. मोजून दिलेत, हे बरोबर होतं.

"सोमा बिडीपण ओढत नाय," जानू म्हणाला.

"तेच सोमाने सांगितलं. ते बोलले, सगळेच असं सांगतात."

"मग नीलाने सांगायचं ना, बिब्बा हाय म्हणून. तिच्यापण हायत खुणा."

भागोजीने मान खाली घातली. "दाखवल्या तिने. साडी बाजूला करून पोट दाखवलं त्या लोकांना. तर ते बोलले, जिला लहानपणी आईबापाने चटके दिले, ती आपल्या पोरालापण देते. त्यांच्यात असं पुस्तकात लिवलेलं असतं म्हणे."

बाहेर वाडीतली माणसं झेंडे घेऊन रस्त्याला लागली होती. कोणीतरी हाक मारली. जानूने हात हलवून पुढे जायला सांगितलं.

"आता पोरगं कुठं हाय?" राहीबाईने विचारलं.

"दुसऱ्या कुणा बाईच्या घरी ठेवलाय. सरकार ठेवतं तसं. नीलाला आठवड्यातून एकदा बघायला देतात, कोणीतरी समोर बसून."

"त्याला कोण घेतं रडला तर?"

भागोजीने तांब्या बाजूला सारला. तो मुद्द्यावर आला. तिकडच्या वकिलाने एक वाट काढली होती. आजीने इकडे कोर्टाच्या माणसापुढे जबाब द्यायचा: मी अडाणी बाई. पोराला हे मी केलं. आई तेव्हा घरात नव्हती, तिला विचारलं नव्हतं. मग आईवर येत नाही. आई नर्स आहे. तिनेच करायला सांगितलं असं निघालं तर पोरगा जाईलच, नोकरीही जाईल.

"पण नीलाच बोलली कर म्हणून," जानू म्हणाला. "मी दारात होतो."

"काका," भागोजी म्हणाला, "तुम्ही दारात नव्हता."

जानूने त्याच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. राहीबाई उठली आणि कुलूप शोधायला लागली. ते तिच्या हातातच होतं.

महाडला त्या दिवशी कचेऱ्या गर्दीमुळे बंदच होत्या. दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. बरोबर जानू, आणि वाडीतले काशीराम गुरुजी. गुरुजी शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी विहारात वंदना घ्यायचे. कागदाचं काम म्हणून त्यांना नेलं होतं.

महाडचा वकील भला माणूस होता. त्याने राहीबाईला खुर्ची दिली. भागोजीने सगळं आधी सांगून ठेवलं होतं.

"आजी, एकेक विचारतो. हे तुम्ही का केलंत?"

"पोटात दुखत होतं पोराच्या. औषध म्हणून."

वकिलाने पेन थांबवलं. "औषध म्हणू नका. औषध म्हटलं की ते विचारतील, आई नर्स, तिला हे औषध माहीत होतं, मग तिने थांबवलं का नाही? तुम्ही म्हणा, दृष्ट लागली असं वाटलं. भूतबाधा. आमच्यात अशी अंधश्रद्धा आहे."

राहीबाई त्याच्याकडे बघत राहिली. "आमच्यात नाय तसं. आम्ही देव सोडले सावित्रीत. मी माझ्या हाताने सोडले."

"मला माहीत आहे हो. पण त्या कोर्टाला हे समजतं. आजी अडाणी, गाव मागास, अंधश्रद्धा. हे वाचलं की ते मान डोलावतात."

गुरुजी उठून उभे राहिले. "साहेब, हे लिहू नका. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर बसून आपण हे लिहिणार? सगळं आयुष्य आम्ही ह्याच शब्दाशी भांडलो. वाडीतल्या मुलांना मी काय शिकवलं मग?"

"गुरुजी, मुलगा त्यांचा आहे," वकील म्हणाला.

"मुलगा त्यांचा, पण नाव सगळ्यांचं जातं."

दोघंही राहीबाईकडे वळले. जानू भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. राहीबाईला त्या वेळी एकच दिसत होतं: परक्या बाईच्या घरातला जाळीचा पलंग, आत पोर, आणि दाराशी घड्याळ बघत उभी असलेली कोणीतरी. तिचे डोळेही भरत नसतील.

"लिवा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"तुम्ही सांगताय ते. भूत, दृष्ट, काय ते. आई घरात नव्हती."

"कुठे गेली होती?"

"महाडला. तिकिटं बघायला." तिने हे तिथल्या तिथे जुळवलं. आयुष्यात खोटं जुळवायची सवय नसताना इतकं पटकन कसं जुळलं ह्याचं तिलाच नवल वाटलं.

लिहून झालं. वकिलाने वाचून दाखवलं. तिने पेन मागितलं.

"पेन नको," वकील हलकेच म्हणाला. "अंगठा. निरक्षर असं लिहिलंय वर. सही दिसली तर…"

"मला येते सही."

"येते हो. पण आज नको."

गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. राहीबाईने डावा अंगठा पुढे केला. कारकुनाने तो शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर फिरवला. ठसा चांगला उठला. तो म्हणालाही, चांगला उठला.

परतताना ती तिघं तळ्याच्या कडेने आली. महाडला आली की राहीबाई पायऱ्या उतरून पाण्याला हात लावल्याशिवाय कधी गेली नव्हती. त्या दिवशी जानू पायऱ्यांपाशी थांबला. ती सरळ एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागली.

गुरुजींनी वाडीत कोणाला काही सांगितलं नाही. तेवढं त्यांनी पाळलं. पण मुंबईहून येणाऱ्यांकडून गोष्ट आलीच, आणि वाटेत वाढून आली. राहीबाईने नातवाला डागलं, भूत काढायला. काही तरुण पोरं विहारात उघड बोलली, आपल्याच माणसांनी असं लिहून दिलं तर दुसऱ्यांना काय सांगायचं. मंजुळा तिच्या बाजूने भांडली. "तुम्हा सगळ्यांच्या ढुंगणावरनं तिचा हात फिरलाय रे, तेव्हा नाय भूत दिसलं?" पण मंजुळाचीच सून त्या पावसात बाळंत झाली, आणि सुनेच्या माहेरचे लोक म्हणाले, न्हाऊ घालायला दुसरी बघा. मंजुळा सांगायला आली आणि दारातच रडायला लागली. राहीबाईने तिला चहा करून दिला. कोपराने पाणी बघायला सांग तिला, एवढंच म्हणाली.

विहारात ती जायची. मागे बसायची. पंचशील घेताना चौथं शील आलं की तिचे ओठ मिटायचे. ते खोटं न बोलण्याचं. जे पाळलेलं नाही आणि पुन्हा विचारलं तर पाळणार नाही, ते तोंडाने म्हणायचं कसं? बाकीची चार ती म्हणायची. शेजारच्या बायकांच्या ते कधी लक्षात आलं नाही. गुरुजींच्या आलं असावं. ते तिथं जरा मोठ्याने म्हणायचे.

गणपतीच्या सुमाराला भागोजीचा निरोप आला. पोरगा परत दिला. जबाब कामाला आला. एकच अट घातली कोर्टाने: पोराला आजीच्या हाती एकटं सोपवायचं नाही, आणि मोठा होईस्तोवर तिच्याकडे राहायला पाठवायचं नाही.

"दिला ना पण?" राहीबाईने विचारलं.

"दिला, मावशी."

"मग झालं."

जानू पंच्याऐंशीच्या थंडीत गेला. दम्याने. रस्त्याची धूळ आतून बसली होती. शेवटच्या दिवसांत त्याला धड बोलता येत नव्हतं. एकदा पाणी पाजताना त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "मी दारात होतो गो." ती म्हणाली, "होय. होतास." तो गेल्यावर ती संध्याकाळ ठाऊक असलेली माणसं दोनच उरली.

नीला आली ती अठ्ठ्याऐंशीत. बापाच्या वेळी तिला येता आलं नव्हतं. मध्ये भागोजीकडून निरोप यायचे, बरे आहोत एवढेच. बरोबर सुगत, सहा वर्षांचा. उंच, गोरटेला, पायात मोजे. दोघं महाडला लॉजवर उतरली आणि दिवसा वाडीत यायची. संडास नाही, पोराला सवय नाही, असं नीलाने सांगितलं. राहीबाईने मान हलवली.

पोर धीट होतं. कोंबड्यांमागे धावायचं. मराठी त्याला येत नव्हती. राहीबाईने त्याच्यासाठी पाणी तापवलं, कोपराने बघितलं. तो स्वतःच न्हाला, मोरीचं दार लावून. नीला दाराबाहेर उभी राहिली. राहीबाई पाण्याचा दुसरा तांब्या द्यायला पुढे गेली तशी नीलाने तो तिच्या हातातून घेतला. हळूच घेतला. रागाने नाही.

दुपारी उकाड्याने सुगतने सदरा काढला आणि पडवीत पालथा-उताणा लोळायला लागला. चार ठिपके काळपट, कडेला जरा पसरलेले. पोटाबरोबर ठिपकेही एकमेकांपासून लांब गेले होते. बेंबीपासूनचं अंतर मात्र चौघांचं सारखंच राहिलं होतं. आजी बघते आहे हे बघून त्याने एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि आईला काहीतरी विचारलं. नीलाने त्याला त्याच्या भाषेत उत्तर दिलं. बराच वेळ सांगत होती. तो आजीकडे बघत ऐकत होता. मग उठून आईच्या पलीकडे जाऊन बसला.

"काय सांगितलंस?" राहीबाईने विचारलं.

"जे झालं ते. त्याला माहीतच हाय तसं. तिथं सांगून ठेवावं लागतं, शाळेत पोहायला नेतात, लोक विचारतात." नीला पदराने वारा घेत होती. "आये, मी तुला दोष देत नाय. तुझ्या परीने तू केलंस. पण मला विचारलं असतंस तर मी करू दिलं नसतं. किती सोसलं मी त्या दिवसांत, तुला नाय कळायचं."

राहीबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. पोर समोर आहे म्हणून बोलते आहे का? पण पोराला मराठी कळत नव्हती. दुसरं कोणी जवळ नव्हतं. नीलाच्या तोंडावर काही लपवल्याची खूण नव्हती. तिने ती गोष्ट कोर्टात सांगितली होती, नोकरीवर सांगितली होती, सरकारच्या बाईला प्रत्येक खेपेला सांगितली होती, पोराला सांगितली होती. सांगून सांगून तिला ती तशीच दिसायला लागली होती.

"मी महाडला नसते गेले त्या दिवशी तर बरं झालं असतं," नीला म्हणाली.

पोराचे हात धरलेले तिचे हात राहीबाईला दिसत होते. दिव्याचा उजेड, फावड्याचा दांडा ठोकल्याचा आवाज. ती एक वाक्य बोलली असती तर नीलाला आठवलं असतं. कदाचित. आणि आठवून ती पुन्हा तिकडे गेली असती, त्याच बायांच्या, त्याच शाळेच्या, ह्याच पोराच्या समोर.

"होय गो," राहीबाई म्हणाली. "तू तिकिटं बघायला गेली होतीस."

"नाहीतर काय."

संध्याकाळी विहारात घंटा झाली. नीला म्हणाली, आज मी पण येते. सुगतला मधे बसवून दोघी मागच्या रांगेत बसल्या. गुरुजी आता थकले होते, पण आवाज होता. नीलाला सगळं पाठ होतं, परदेशात राहूनही. एकेक शील ती स्पष्ट म्हणत होती आणि तिच्या पाठोपाठ पोर अडखळत म्हणत होतं. चौथं आलं. नीला म्हणाली. पोर म्हणालं.

राहीबाईचे ओठ मिटलेले होते. ती मांडी घालून बसली होती, गुडघे जमिनीला टेकलेले, आणि पाचवं शील येईस्तोवर ती हलली नाही.